क्लाऊड धोरण आणि सीमापार माहिती : हिमायतनगर व मराठवाडा

क्लाऊड धोरण : सरकारी नोंदी कोणाच्या संगणकांवर ठेवायच्या, त्या कोणत्या हद्दीत राहिल्या पाहिजेत आणि हद्दीबाहेर कोणाला, कोणत्या अटीवर द्यायच्या, हे ठरवणारे शासननिर्णय, कायदे आणि कंत्राटातील अटी. क्लाऊड म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमधली, वापराप्रमाणे भाड्याने घेतलेली संगणकक्षमता. या विषयावरील बहुतेक चर्चा देशाच्या सीमेभोवती फिरते. मराठवाड्यात राज्याची सीमाही तेवढीच महत्त्वाची ठरते.

हिमायतनगर, जुने वाढोणा, हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावर आहे. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. साहजिकच येथील जुन्या दप्तराचा मोठा भाग हैदराबादेत राहिला; नवे दप्तर मुंबईच्या कारभाराखाली तयार झाले.

महाराष्ट्रात नोंदी संगणकावर नेण्याच्या कामाला एका आगीने गती दिली. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाचे चौथ्यापासून सहाव्यापर्यंतचे मजले जळाले आणि कागदी फायलींचे ढिगारे राख झाले. केंद्र सरकारचा ‘मेघराज’ हा क्लाऊड उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. त्यामागची राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा सेंटरे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाऊड धोरण जाहीर केले. असे धोरण आणणारे हे देशातील पहिले राज्य. प्रत्येक खात्याने स्वतःचे सर्व्हर विकत घेऊन ते धूळ खात ठेवण्यापेक्षा केंद्राच्या यादीवरील कंपन्यांची सेवा घ्यावी, असा त्याचा रोख होता. या यादीत बड्या परदेशी कंपन्या आहेत, तशी नाशिकची ईएसडीएसही आहे. यादीवर येण्यासाठी सुरक्षेची तपासणी होते आणि सरकारी माहिती भारतातच ठेवावी लागते.

मूळ डेटा सेंटर आणि संकटकाळी उभे राहणारे पर्यायी केंद्र वेगवेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रांत असावे, अशीही एक अट आहे. लातूर-नांदेडच्या वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली, तोवर नकाशात हा पट्टा सर्वांत कमी धोक्याचा मानला जात होता. नकाशावर सुरक्षित दिसते म्हणून सगळी दप्तरे एकाच जागी ठेवू नयेत, यासाठी याहून बोलके उदाहरण नाही.

या धोरणाचा शेवटचा टप्पा आपले सरकार सेवा केंद्रात दिसतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. शुल्क १५ रुपये. तळाशी पडताळणी क्रमांक, तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. पीकविम्याची किंवा अनुदानाची मुदत संपत आली की मात्र ‘सर्व्हर डाऊन’, ‘ओटीपी येईना’, ‘अंगठा लागेना’ ही वाक्ये ऐकू येतात. गर्दी वाढली की क्षमता वाढवता येणे हाच क्लाऊडचा मुख्य फायदा सांगितला जातो. तो तालुक्यापर्यंत पोहोचतो की नाही, याची परीक्षा त्या शेवटच्या आठवड्यात होते.

राज्याची हद्द ओलांडून माहिती नीट चालते, याचे सर्वांत चांगले उदाहरण रेशनचे आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेची चाचणी ऑगस्ट २०१९ मध्ये दोन जोड्यांत झाली : महाराष्ट्र–गुजरात आणि तेलंगण–आंध्र प्रदेश. कामासाठी हैदराबाद-निजामाबादची वाट धरणाऱ्या नांदेडच्या मजुराला या जोड्यांचा उपयोग नव्हता. १ जानेवारी २०२० पासून १२ राज्ये एकत्र जोडली गेली, त्यांत महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही आले. आता मजुराने तेथील रास्त भाव दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लावला की त्याच्या कार्डावर किती धान्य शिल्लक आहे ते दिसते. घरच्यांनी गावात काही उचलले असेल तर उरलेले त्याला तेथे मिळते. हे जमले, कारण आधार जोडणी आणि सामायिक नोंदवही केंद्राने उभी केली. राज्याने स्वतःच्या खर्चाने दिलेला शिधा मात्र सीमेवरच थांबतो.

जुन्या दप्तराचे गणित वेगळे आहे. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि निजामकालीन कागदांसाठी हैदराबाद गाठावे लागले. मोडी, उर्दू आणि फारसीतील हे कागद वाचायलाच जाणकार लागतात. क्लाऊडवर चढवणे त्यानंतरचे काम. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने कुणबी प्रमाणपत्रांसाठी हैदराबाद गॅझेटियरचा आधार स्वीकारला. ज्या दोन राज्यांत रेशनचा हिशेब काही क्षणांत जुळतो, त्यांच्यात एका गावाचे जुने दप्तर मिळवायला समिती नेमावी लागते. अशा दप्तरांच्या देवाणघेवाणीची कायमची, ठरलेली पद्धत असायला हवी होती. सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. शोधणाऱ्याची सोय झाली खरी. पण नोंदीतला माणूस हयात नसला, तरी जात, गाव आणि आडनाव हयात वंशजांचेच असते. या बाजूची चर्चा फारशी झाली नाही.

देशाच्या सीमेबाबतचा जुना नियम कागदाच्या काळातला आहे. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार केंद्राचे अभिलेख केंद्र सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. पैशाच्या व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँक सर्वांत कडक राहिली. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने देयक-व्यवहारांची माहिती फक्त भारतातच साठवण्याचे बंधन घातले. प्रक्रिया परदेशात झाली, तर तेथील प्रत पुसून माहिती २४ तासांच्या आत परत आणावी, असे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. नियम न पाळल्याबद्दल २०२१ मध्ये मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस यांना नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली. ती पुढे उठली.

वैयक्तिक माहितीच्या कायद्याचा प्रवास उलटा, कडकपणाकडून सैलपणाकडे झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात वैयक्तिक माहितीची एक प्रत भारतात ठेवणे सक्तीचे होते. २०१९ च्या विधेयकात ही सक्ती निवडक प्रकारांपुरती उरली. ते विधेयकही २०२२ मध्ये मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कलम १६ नुसार माहिती परदेशी नेता येते. केंद्राने ज्या देशांवर निर्बंध घातले असतील तेवढे वगळायचे. रिझर्व्ह बँकेसारखे अधिक कडक नियम त्यामुळे बाधित होत नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत मिळाली.

माहिती भारतात ठेवली म्हणजे ती फक्त भारताच्या कायद्याखाली आली, असे मात्र नाही. अमेरिकेच्या मार्च २०१८ च्या कायद्यानुसार तेथील कंपनीला, माहिती जगात कोठेही साठवलेली असली तरी, तेथील रीतसर आदेशावर ती द्यावी लागू शकते. मुंबईतला सर्व्हरही याला अपवाद नाही. त्यामुळे इमारत कोठे आहे यापेक्षा कुलपाची किल्ली, म्हणजे सांकेतिकीकरणाची चावी, कोणाच्या हाती आहे हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सरकारी कंत्राटांत त्याला पहिले स्थान मिळायला हवे.

तालुक्याच्या पातळीवर गळती बहुधा याच्याही आधी होते. अर्ज भरायला आलेला शेतकरी आधार, पासबुक आणि सातबाऱ्याचे फोटो केंद्रचालकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. ते फोटो फोनच्या गॅलरीत राहतात आणि तेथून आपोआप एखाद्या परदेशी कंपनीच्या साठ्यातही चढू शकतात. सरकारच्या सर्व्हरला असलेली भारताच्या हद्दीची अट तेथे लागू नसते. नव्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे. केंद्रचालकाच्या फोनसाठी मात्र, काम झाले की फोटो पुसावेत आणि कागद थेट पोर्टलवरच चढवावेत, एवढे परिपत्रक आणि अधूनमधून तपासणी पुरेशी होईल.