बॅबिट आणि त्याची मित्रमंडळी

पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें आणि अमेरिकेंत संपांची लाट उसळली. १९१९ या एका वर्षांत सुमारें ४० लक्ष कामगार संपावर गेले. रशियांतील क्रांति आपल्या दारीं येते कीं काय, या भीतीनें व्यापारी वर्ग धास्तावला. मतभेद म्हणजे राजद्रोह, असें समीकरण होऊन बसलें. त्या काळाचें मन जाणावयाचें असेल तर सिंक्लेअर लुईस याची 'बॅबिट' (१९२२) ही कादंबरी वाचावी.

जॉर्ज बॅबिट हा झेनिथ नामक कल्पित शहरांतील घरांजमिनींचा दलाल. वय ४६, घर, मोटार, क्लब, सर्व कांहीं यथास्थित. मात्र त्याचीं मतें त्याचीं नव्हेत. तीं वर्तमानपत्राचीं, पक्षाचीं व क्लबाचीं. जिवलग मित्र पॉल हा बायकोवर गोळी झाडून तुरुंगांत जातो, तेव्हां बॅबिटचें मन प्रथमच ढळतें. तो संपवाल्यांविषयीं सहानुभूतीचा शब्द काढितो व 'सुनागरिक संघा'चें सभासदत्व नाकारितो. त्याला कोणी मारहाण करीत नाहीं. पुढारी कचेरींत येऊन चार शब्द सुनावितात, स्नेही दुरावतात, गिऱ्हाइकें दुसरीकडे वळतात. पुढें पत्नी आजारी पडतांच तेच स्नेही धांवून येतात, आणि बॅबिट विरघळून संघांत दाखल होतो. बहिष्कारानें जें साधलें नाहीं तें मायेनें साधतें.

लुईसची आधींची 'मेन स्ट्रीट' (१९२०) परीक्षकांनीं पुलित्झर पारितोषिकासाठीं सुचविली होती. तें पारितोषिक अमेरिकन जीवनांतील निकोप वातावरण दाखविणाऱ्या कादंबरीसाठीं असे. विश्वस्तांनीं शिफारस डावलून १९२१ सालीं तें ईडिथ व्हार्टन यांच्या 'द एज ऑफ इनोसन्स'ला दिलें. मौज ही कीं, या कादंबरींतही १८७० नंतरच्या न्यूयॉर्कमधील एक तरुण वकील कुलरीतीपुढें आपल्या प्रेमाचा बळी देतो, आणि तेथेंही कोणी आवाज चढवीत नाहीं. लुईसचा उपहास विश्वस्तांना खुपला; व्हार्टनबाईंच्या शालीन भाषेआडची धार त्यांना दिसली नाहीं. लुईसला ती दिसली असावी. 'बॅबिट' त्यानें त्यांनाच अर्पण केली.

१९३० सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळविणारा तो पहिला अमेरिकन ठरला, आणि 'बॅबिट' हें नांव सामान्यनाम होऊन इंग्रजी कोशांत गेलें. परंतु कोशांतला बॅबिट निव्वळ हास्यास्पद आहे. कादंबरींतला तसा नाहीं. मुलगा गुपचूप लग्न करून कॉलेज सोडावयास निघतो तेव्हां सारें घर खवळतें. बाप मात्र त्याला एकीकडे घेऊन, आपण जन्मांत मनासारखें कांहींच केलें नाहीं, अशी कबुली देतो व त्याची पाठ राखितो. तोंवर बॅबिटला हंसत आलेला वाचक येथें गप्प होतो.