कमेंटमधला हुकूम

आजची गोष्ट एका कमेंटची. कोडमधली कमेंट माणसांनी वाचायची, मशीनने सोडून द्यायची. पण डेटाबेसमध्ये एक कमेंट अशी आहे, जी मशीनही वाचतं. तिचं नाव हिंट.

जरा मागे जाऊ. 1970 मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. त्यातून पुढे आलेला विचार असा, की काय हवंय ते तुम्ही सांगा, कसं शोधायचं ते मशीन ठरवेल. 1979 मध्ये आयबीएमच्याच पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी ते ठरवायची रीत दिली: प्रत्येक मार्गाचा अंदाजे खर्च काढा आणि स्वस्तातला निवडा. हे काम करणारा तो ऑप्टिमायझर.

पण अंदाज तो अंदाजच! टेबलाची आकडेवारी जुनी असली की तो चुकतो. म्हणून 1992 च्या ओरॅकल 7 मध्ये असा ऑप्टिमायझर आला, तेव्हा सोबत हिंटही आल्या. कमेंट उघडायची, लगेच अधिकचं चिन्ह द्यायचं आणि आपलं म्हणणं लिहायचं.

पुढे ओरॅकल 7.1 मध्ये एकच क्वेरी अनेक प्रोसेस मिळून चालवू लागल्या. पॅरलल हिंटमध्ये 8 लिहिलं, तर 8 जण टेबल वाचणार. सॉर्टिंग असेल तर वाचणारे 8 आणि क्रम लावणारे 8, म्हणजे 16 सुद्धा!

आणि इथेच खरी अडचण. सर्व्हर सगळ्यांचा एकच. एकाने रिपोर्टच्या घाईत 64 लिहिलं, की दुसऱ्याला प्रोसेस उरत नाहीत. मग त्याची क्वेरी मुकाट्याने एकट्यानेच चालते. शिवाय हिंटचं स्पेलिंग चुकलं तर एररसुद्धा येत नाही, शेवटी ती कमेंटच ना! 2009 च्या 11जी रिलीज 2 मध्ये अशा क्वेरींना रांगेत थांबवायची सोय आली.

पोस्टग्रेसने वेगळी वाट धरली. 2016 च्या 9.6 मध्ये पॅरलल क्वेरी आली, पण हिंट मूळ डेटाबेसमध्ये घेतल्याच नाहीत. तिथे किती वर्कर घ्यायचे याची मर्यादा सेटिंगमध्ये. हिंट हवीच असेल, तर वेगळं एक्स्टेन्शन टाकायचं.

डेटा वाढत जातो, हिंट मात्र लिहिली तशीच राहते. तेव्हा जुन्या कोडमध्ये पॅरलल हिंट दिसली, तर आधी विचारा: ती लिहिली तेव्हा टेबल केवढं होतं, आणि सर्व्हरवर माणसं किती होती?