त्या रात्री पेठेत लाईट होती

३० जुलै २०१२, रात्रीचे अडीच. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीवर तुम्ही उभे आहात. श्रावणातला सोमवार उजाडायला वेळ आहे. खासबागेकडच्या रस्त्यावर दिवे चालू, कुठल्याशा माडीवर पंखा घरघरतोय. पेठेतली ही वीज या घडीला उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताच्या विजेशी एकाच जाळ्यात, सेकंदाला पन्नासच्या लयीत बांधलेली आहे.

२ वाजून ३३ मिनिटांच्या आत हजारभर किलोमीटरवर पोचा. मध्य प्रदेशातली बीना–ग्वाल्हेर ४०० केव्ही लाईन. जोडीची दुसरी लाईन ७६५ केव्हीच्या कामासाठी बंद, त्यामुळे उत्तरेचा भार हिच्यावर चढलाय. उत्तरेकडची राज्यं वाट्यापेक्षा जास्त वीज ओढताहेत. आपला पश्चिम विभागही ठरल्यापेक्षा जास्त सोडतोय. कमी करा, असे निरोप जाऊनही फरक पडलेला नाही.

लाईनीच्या टोकाशी डिस्टन्स रिले आहे, त्याच्यासमोर थांबा. त्याचं काम एकच: व्होल्टेजला करंटनं भागत राहायचं. तार जमिनीला टेकली की व्होल्टेज कोसळतं, करंट उसळतो, भागाकार लहान होतो. जितका लहान, तितका फॉल्ट जवळ. जवळच्या फॉल्टला ब्रेकर तत्काळ उघडतो. लांबचा असेल, म्हणजे ‘झोन ३’ मधला, तर तिथल्या रिलेला आधी संधी देऊन मग उघडतो.

आज तार शाबूत आहे. पण भार इतका वाढला आणि व्होल्टेज इतकं खाली आलं की भागाकार झोन ३ मध्ये शिरला. रिलेला तो लांबचा फॉल्ट वाटला. ठरलेला वेळ थांबून त्यानं लाईन तोडली. उत्तरेची वीज मग पूर्वेच्या वाटेनं धावली, तिथल्याही लाईनी ट्रिप झाल्या आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी एकला, त्याच लाईनीपासून पुन्हा तेच. या वेळी पूर्व आणि ईशान्यही गेले. सुमारे ६० कोटी लोकांचा प्रदेश. पश्चिम मात्र दोन्ही वेळा तगला, कारण कोसळणारा भाग तोडला गेला होता.

रिले चुकला असं म्हणून मोकळं होता येत नाही. त्याच्यात आकडे माणसांनी भरलेले असतात, आणि भार वाढेल तसे ते पुन्हा तपासावे लागतात. चौकशी समितीनंही रिलेबरोबर दुबळ्या झालेल्या जोडण्या आणि न पाळलेल्या सूचना यांच्यावर बोट ठेवलं.

आता आणखी मागे, १९८० च्या दशकातल्या एखाद्या उपकेंद्रात या. काचेमागे जुन्या रिलेची ॲल्युमिनियमची चकती आहे. फिडरवर करंट वाढला की ती फिरते; करंट जितका जास्त, तितकी वेगात. काँटॅक्ट जुळतो, ब्रेकर धाडकन उघडतो, पॅनेलवर छोटा फ्लॅग पडतो. ऑपरेटर तो वहीत लिहून मगच रिसेट करतो, कारण तो फ्लॅगच सांगतो की बिघाड कुठल्या जातीचा आहे.

आजच्या रिलेत चकती नाही, काम तेच आहे. पावसात पेठेतली लाईट गेली तर फोनवर ‘आधी चालू करा’ असा धोशा लावू नका. तार तुटून ओल्या रस्त्यावर पडलेली असू शकते, आणि रिलेनं तोडलेली लाईन फॉल्ट न शोधता चालू केली तर तिच्यापाशी कुणीतरी उभं असेल. तुटलेली तार दिसली तर लांब राहा, पोरांना लांब ठेवा आणि १९१२ वर ठिकाण कळवा.