निरोप्याचे इमान

पूर्वी निरोप पाठवावयाचा तर माणूस धाडावा लागे, आणि त्या माणसाची निवड घरातील वडीलधारी मंडळी फार जपून करीत. निरोप्या पायाने चपळ असून भागत नसे. तो जिभेने बंद असावा लागे. सोयरिकीचा निरोप ज्याच्या हाती द्यावयाचा, तो वाटेत चार ओट्यांवर बसणारा नसावा, एवढे तरी पाहिले जाई. आज तो निरोप्या गेला. त्याच्या जागी वीतभर लांबीची काच आली. दिवाळीच्या शुभेच्छांपासून दवाखान्यातल्या चिठ्ठीपर्यंत सारे काही आपण तिच्या स्वाधीन करतो. पण या नव्या निरोप्याचा मालक कोण आणि त्याचे इमान कोणाशी, ही चौकशी आपल्यापैकी किती जण करतात?

मी व्यवसायाने मास्तर. कादंबऱ्या लिहिणे हा दुसरा नाद. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. संगणकाच्या शास्त्रात गती असल्याचा माझा दावा नाही. परंतु शास्त्र कळले नाही तरी शास्त्राचा इतिहास कळू शकतो. आणि ज्यांनी ही चौकशी केली, त्यांचा इतिहास मोठा वाचनीय आहे.

त्याचा आरंभ झाला एका छपाईयंत्रापासून. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा तरुण काम करीत होता. तेथील जुन्या यंत्रात कागद वरचेवर अडके. स्टॉलमनने त्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये अशी सोय करून ठेवली होती की, कागद अडकला की ज्यांचे काम खोळंबले असेल त्यांच्या पडद्यावर सूचना उमटावी. १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे लेझर यंत्र आले. तेही अडकू लागले. मात्र त्याच्या प्रोग्रामची मूळ लिखावट, जिला सोर्स कोड म्हणतात, ती कंपनीने दिली नव्हती. दुसऱ्या एका विद्यापीठातील गृहस्थापाशी ती होती. स्टॉलमनने जाऊन मागितली, तर त्याने ती कोणास न दाखविण्याचे वचन कंपनीला लिहून दिलेले! दारातले यंत्र आपले, कागद आपला, खोळंबाही आपलाच. पण दुरुस्तीचा अधिकार मात्र दुसऱ्याचा. ही गोष्ट स्टॉलमनच्या मनाला लागली ती कायमची. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ‘ग्नू’ या नव्या मुक्त प्रणालीची घोषणा केली, जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली, आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली.

येथे एक खुलासा केला पाहिजे. इंग्रजीत ‘फ्री’ म्हटले की फुकट की मोकळे, असा घोळ होतो. मराठी या बाबतीत भाग्यवान; आपल्याकडे दोन्हींना वेगळे शब्द आहेत. स्टॉलमनला हवे होते ते मुक्त, फुकट नव्हे. चकलीच्या भाजणीचे उदाहरण घ्या. शेजारणीने भाजणी दिली, प्रमाणही सांगितले. आपण धने थोडे वाढविले, आवडली म्हणून नणंदेला दिली, आणि तिलाही प्रमाण सांगितले. यात कोणाचे काय गेले? मुक्त सॉफ्टवेअर ते हेच: वापरा, आत काय आहे ते पाहा, बदला, दुसऱ्यास द्या. ‘जीपीएल’ नावाचा जो परवाना १९८९ मध्ये निघाला, त्यात इतकीच अट जास्तीची आहे: जे मोकळेपण तुम्हाला मिळाले तेच पुढच्यालाही द्यावयाचे, भाजणी घेऊन प्रमाण लपवावयाचे नाही.

आता गंमत पाहा. मोकळी प्रणाली लिहावयाची तर ती लिहिण्यासाठी हाताशी एक चालती प्रणाली हवी, आणि हाताशी होती ती युनिक्स. बड्या कंपनीच्या मालकीची, कुलूपबंद. म्हणजे सोवळ्याचा स्वयंपाक ओवळ्या चुलीवर मांडण्याची वेळ आली. स्टॉलमनने त्यावर काढलेला मार्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. कुलूपबंद वस्तू वापरणे वाईटच. पण तिची जागा घेणारी मोकळी वस्तू घडविण्यासाठी, ती घडेपर्यंत, वापरणे क्षम्य होय, असे त्याने मानले. तडजोड झाली खरी, पण तिला हेतू होता आणि शेवटही होता.

पुढे तो अधिक कडक झाला. खिशातला मोबाईल म्हणजे माग काढणारे यंत्र, म्हणून त्याने तो बाळगलाच नाही. फोन करण्याची निकड पडली तर तो जवळच्या माणसाचा फोन मागून घेतो, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. मला या माणसाच्या निग्रहाविषयी आदर आहे. तरीही आपल्या घरांत सोवळे पाळणाऱ्या आजीची आठवण होते. आजीचे सोवळे निभत असे, कारण बाजारातून भाजी आणणारे, विटाळ पत्करणारे कोणीतरी घरात असे. एकाच्या शुद्धतेचा खर्च पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, हे विसरून चालत नाही.

दुसऱ्या टोकाला लिनस टॉरवल्ड्स. फिनलंडच्या या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ लिहिले आणि ते ग्नूच्या जोडीने जगभर पसरले. टॉरवल्ड्स व्यवहारी. हजारो लोकांनी धाडलेल्या दुरुस्त्यांचा हिशेब ठेवण्यासाठी त्याने २००२ मध्ये ‘बिटकीपर’ हे कुलूपबंद सॉफ्टवेअर पत्करले. स्टॉलमनने आक्षेप घेतला. टॉरवल्ड्सने मानला नाही. साधन चांगले आहे, फुकट मिळते आहे, मग हरकत काय? एप्रिल २००५ मध्ये वाद होऊन मालकाने फुकट परवाना काढून घेतला आणि साऱ्या जगाचे काम एकाएकी अडले. तेव्हा टॉरवल्ड्सने काही दिवसांतच ‘गिट’ हे नवे साधन उभे केले. आज जगातले बहुतेक प्रोग्रामर तेच वापरतात. पण प्रत्येक गावात टॉरवल्ड्स नसतो. तुमच्या-माझ्या मालकाने दार लावले तर आपण आठ दिवसांत नवे घर कोठून बांधणार?

हा अनुभव मला माझ्या छोट्या व्यवहारातही आला. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकलेखनाचे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापली अक्षरे आपापल्या परीने साठवी. त्या काळी अशाच एका सॉफ्टवेअरवर माझी एक कादंबरी टंकून घेतली होती. काही वर्षांनी नव्या संगणकावर फाईल उघडली, तो पडद्यावर नायिकेऐवजी रोमन अक्षरांची आणि टिंबांची रांगोळी! शब्द माझे होते. पण ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याकडे राहिली होती. तेव्हापासून मी लेखन मुक्त सॉफ्टवेअरवर आणि युनिकोडमध्येच करतो. या नियमाला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण लेखन हे एकट्याचे काम आहे.

निरोपाचे तसे नाही. त्याला दोन माणसे लागतात, आणि सारी मेख तेथेच आहे. ई-मेलचा जन्म १९७१चा. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे पत्र कसे जावे याचे नियम पुढे खुले ठरले, म्हणून आजही एका कंपनीच्या पेटीतून दुसरीच्या पेटीत पत्र बिनदिक्कत पोहोचते. गप्पांच्या सॉफ्टवेअरांनी मात्र वाड्याभोवती भिंती घातल्या. १९९६ मध्ये ‘आयसीक्यू’ निघाले, १९९७ मध्ये अमेरिका ऑनलाइनचे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या वाड्यातून अमेरिका ऑनलाइनच्या वाड्यात बोलण्याची सोय केली, तर त्यांनी ती पुन्हा पुन्हा तोडली. त्याच वर्षी जेरेमी मिलर याने ‘जॅबर’ ही खुली पद्धत जाहीर केली. गूगलने २००५ मध्ये तिच्याच आधारे आपली सेवा काढली, पुढे इतरांना दारही उघडले, आणि २०१३ मध्ये नवी सेवा आणून त्या मोकळ्या वाटेकडे पाठ फिरविली. भिंतीआडचे वाडेही टिकले नाहीत. अमेरिका ऑनलाइनचा २०१७ मध्ये बंद झाला, आयसीक्यू २०२४ मध्ये.

व्हॉट्सॲपची कथा याहून बोधप्रद आहे. यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी ते २००९ मध्ये काढले. त्याचा पाया घातला तो ‘इजॅबरडी’ या जॅबर पद्धतीच्याच मुक्त सॉफ्टवेअरवर! म्हणजे भाजणी शेजारणीची, पण दुकानाला कुलूप. २०१४ मध्ये फेसबुकने सुमारे १९ अब्ज डॉलर्सना ते घेण्याचे जाहीर केले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, २०१६ मध्ये सर्व संदेशांना असे कुलूप बसले की मजकूर मधल्या कंपनीलाही वाचता येऊ नये. आणि ते कुलूप ‘सिग्नल’च्या मंडळींनी घडविलेले, खुल्या रचनेचे होते. पण लिफाफ्यातला मजकूर वेगळा आणि कोणी कोणास कधी पत्र धाडले ही नोंद वेगळी. ॲक्टनने २०१७ मध्ये कंपनी सोडली आणि पुढच्या वर्षी सिग्नलच्या प्रतिष्ठानाला ५ कोटी डॉलर्स दिले. २०२१च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलल्या तेव्हा लाखो लोक सिग्नलकडे धावले, आणि बरेचसे परतही आले. कारण मामा, मावशी आणि सोसायटीचा गट जेथे होता तेथेच राहिला होता. त्या अटींबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपयांचा दंड केला. वाद पुढे अपिलात गेला.

आता माझ्यापुढचा प्रश्न. आमच्या शाळेच्या पालकांचा गट याच सॉफ्टवेअरवर आहे. त्यांत वीटभट्टीवर जाणाऱ्या आया आहेत. त्यांना लिहिता येत नाही, पण बोललेला निरोप धाडता येतो: “गुरुजी, पोरीला ताप हाय, आज येनार न्हाई.” शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख त्यांना तेथेच कळते. मी तत्त्वासाठी तेथून उठलो तर माझे सोवळे शाबूत राहील आणि एखाद्या मुलीची शिष्यवृत्ती बुडेल. आणि काहीही न बोलता बसून राहिलो, तर प्रत्येक नव्या पालकाला त्या वाड्यात ढकलणारा मीच. दोन्हीकडे नुकसान आहे. फरक आहे तो ते कोणी सोसावयाचे एवढाच.

अशा वेळी मला गांधीजींचे वर्तन आठवते. १९०९ मध्ये बोटीवर लिहिलेल्या ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी आगगाडीला नावे ठेवली, आणि मायदेशी परतल्यावर त्याच गाडीच्या तिसऱ्या वर्गातून देश पालथा घातला. त्यांनी गाडी टाकली नाही, तिसऱ्या वर्गाच्या हालांवर १९१७ मध्ये जाहीर पत्र लिहिले. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसविलेला टेलिफोन आजही पाहावयास मिळतो. यंत्र आश्रमात आले म्हणून आश्रम यंत्राचा झाला नाही.

आणि भिंती पडतात तरी कशा? बेलच्या टेलिफोनचे पेटंट १८९०च्या दशकात संपले, तेव्हा अमेरिकेत शेकडो नव्या कंपन्या निघाल्या. एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाशी बोलू शकेना, म्हणून दुकानदार दोन-दोन टेलिफोन ठेवीत. अखेर सरकारचा रेटा आला आणि १९१३ मध्ये बेलच्या कंपनीने इतरांना आपल्या लांब पल्ल्याच्या तारा वापरू देण्याचे मान्य केले. युरोपने २०२२ मध्ये केलेल्या कायद्याचा रोखही तोच. व्हॉट्सॲपने मागणाऱ्या इतर सेवांना दार उघडावे, असे बंधन त्याने घातले आहे. एकट्याच्या उपासाने वाड्याची भिंत पडत नाही. पण भिंत आहे असे बोलणारेच उरले नाहीत, तर कायदा तरी कोण करील?

म्हणून मी माझ्यापुरते तीन नियम केले आहेत. जे एकट्याचे आहे, म्हणजे माझे लेखन, त्यात तडजोड नाही. जे दुसऱ्यावाचून होत नाही, त्यात दुर्बळाच्या सोयीने चालावयाचे. पण शाळेची प्रत्येक सूचना फळ्यावरही लागते आणि फोन नसलेल्या घरी मुलाच्या वहीतूनही जाते, म्हणजे वाडा बंद पडला तरी शाळा बंद पडत नाही. तिसरा नियम असा की, दुसरी वाट तयार ठेवावयाची. आम्हां शिक्षकांचा गट गेल्या वर्षी सिग्नलवर नेला. अकरांपैकी सात जण आले आहेत. उरलेल्या चौघांना मी दिवाळीच्या फराळाला बोलाविले आहे.