दोनदा दाबलेला क्लच

आमच्या गॅरेजात १९९० सालची एक लाल मिआटा आहे. माझदा कंपनीची, दोनच माणसांची, छत मागे टाकता येणारी. बायको तिला 'माझी सवत' म्हणते, आणि दर रविवारी मी ज्या अवस्थेत तिच्याखालून बाहेर येतो ते बघता तिचं फारसं चुकतही नाही.

गेल्या हिवाळ्यात ही सवत रुसली. सकाळच्या गारठ्यात दुसरा गिअर पडेना. जोर लावला की खर्रर्र! बाकीचे गिअर पडायचे, पण दांडा रेतीत फिरवल्यासारखा लागायचा. इथल्या एका गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सरळ सांगितलं, गिअरबॉक्स बदला. आकडा ऐकून मी गाडी घेऊन घरी आलो.

त्या रविवारी साताऱ्याला फोन केला तेव्हा सहज आबांना सांगितलं. आबा एसटीत ड्रायव्हर होते. म्हणाले, "डबल क्लच मारून बघितलास का?"
"नाही."
"मग काय बघितलंस?"

आता ही डबल क्लचची भानगड काय, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात, १८९० च्या दशकात, फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर कंपनीच्या एमिल लव्हासोरने सरकत्या दात्यांचा गिअरबॉक्स रुळवला. एक फिरतं चाक सरकवून दुसऱ्या फिरत्या चाकात घुसवायचं. दोघांचा वेग जुळला तर ठीक, नाहीतर दात्यावर दाता. रांगडं आहे पण चालतं, असं तो स्वतःच म्हणाल्याचं सांगतात. वेग जुळवणं हे ड्रायव्हरचं काम. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा. खालचा गिअर हवा असेल तर इथे ॲक्सिलरेटरला एक हलका झटका द्यायचा, वरचा हवा असेल तर क्षणभर थांबायचं. मग पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. हा डबल क्लच. वेगाचा अंदाज कानाने घ्यायचा, काटा बघायला वेळ नसतो.

ही कसरत सर्वसामान्य माणसाच्या पायातून काढून घेतली अमेरिकेतल्या ओरेगनच्या अर्ल थॉम्पसनने. त्याची सिंक्रोमेश ही युक्ती १९२८ साली कॅडिलॅकने बाजारात आणली, तीही फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला. कल्पना साधी आहे. दाते एकमेकांत जाण्याआधी दोन शंकूच्या आकाराचे भाग एकमेकांवर घासायचे. घर्षणाने दोघांचा वेग सारखा होतो आणि मग दाते अलगद बसतात. म्हणजे प्रत्येक गिअरला एक चिमुकला ब्रेकच. पुढे त्यात पितळी कडं आलं, जे वेग जुळेपर्यंत दात्यांना आत जाऊच देत नाही. आबांच्या पायात जे होतं, ते त्या कड्यात आलं.

सगळ्या गाड्यांना, सगळ्या गिअरना हे मिळायला मात्र बराच काळ गेला. पोर्शने १९५२ मध्ये आपल्या ३५६ ला चारही गिअरना सिंक्रोमेश दिला, पण १९६२ मध्ये आलेल्या इंग्लंडच्या एमजीबीला १९६७ पर्यंत पहिल्या गिअरला तो नव्हता. शौकीन लोक स्पोर्ट्‌स कारमध्ये सिग्नलजवळ डबल क्लच मारत होते! आपल्याकडच्या जड गाड्यांमध्ये तर ही कला त्याहून कितीतरी वर्षं जगली. खंबाटकीचा घाट आबा डबल क्लचवर चढले.

आता आबांच्या परीक्षा. त्यांनी फोनवर तीन सांगितल्या.

पहिली: इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघ. तेव्हाही दांडा जड लागत असेल, तर दोष दांड्याच्या बैठकीत. दुसरी: बंद असताना हलका पडतो आणि इंजिन चालू केलं की उभ्या गाडीत अडतो, तर क्लच पुरता सुटत नाहीये. तिसरी: चालत्या गाडीत डबल क्लच मारल्यावर आवाज न करता पडतो, तर कडं झिजलंय.

माझ्या गाडीत पहिली आणि तिसरी लागू पडली. क्लच ठणठणीत होता.

मिआटाच्या दांड्याची बैठक गिअरबॉक्सच्या वर, वेगळ्या छोट्या कप्प्यात असते. त्यात शंभर मिलीलिटरपेक्षाही कमी तेल लागतं आणि ते गिअरबॉक्सच्या तेलापासून वेगळं असल्यामुळे लोक त्याला विसरतात. मी गाडीच्या आतून झाकण काढलं, दांडा उपसला. कप्प्यात तेलाऐवजी काळा चिखल. रबरी टोपण फाटलेलं, दांड्याच्या टोकाची प्लॅस्टिकची वाटी झिजून सैल झालेली. तिन्ही गोष्टींचा खर्च एका चांगल्या जेवणाइतका.

मग गाडी चार स्टँडवर सपाट चढवून गिअरबॉक्सचं सुमारे दोन लिटर तेल बदललं. इथे एक अनुभवाचा सल्ला: आधी तेल भरायचा बोल्ट उघडतोय का बघा, मगच खालचा सोडा. नाहीतर जुनं तेल जमिनीवर आणि नवीन डब्यात, अशी गत होते. आणि तेल जीएल-४ दर्जाचं घ्या. भारी म्हणून जीएल-५ घेतलं, तर त्यातली काही पितळेला मानवत नाहीत, काही इतकी निसरडी असतात की कडं घासायचंच विसरतं. दात्यांना वंगण हवं, कड्याला घर्षण हवं, आणि तेल एकच! मला या संसाराची गंमत वाटते.

काम झाल्यावर दांडा लोण्यासारखा फिरायला लागला. फक्त गारठ्यातला दुसरा गिअर पूर्ण सुधारला नाही. झिजलेलं कडं तेलाने भरून येत नाही.

एक गोष्ट इथे कबूल करायला हवी. २००१ मध्ये घरी पहिली छोटी कार आली, तेव्हा आबा तिचाही क्लच दोनदा दाबायचे. मी आणि ताई मागे बसून हसायचो. "आबा, एसटी नाही ही!" ते काही बोलले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी ती गाडी चालवणंच सोडलं, आणि का ते आम्ही विचारलं नाही.

थॉम्पसनची पुढची गोष्ट अशी, की जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या कामाचा प्रमुखही तोच होता. १९४० च्या ओल्ड्‌समोबिलमध्ये तो आला. आधी त्याने गिअर टाकणं सोपं केलं, मग गिअर टाकणंच संपवलं. आज अमेरिकेत माझ्या गाडीसारखी तीन पेडलांची नवी गाडी शोधावी लागते.

गिअरबॉक्स मी बदललेला नाही. सकाळची पहिली दहा मिनिटं दुसऱ्या गिअरला डबल क्लच मारतो. परवा बायकोने शेजारी बसून फोन दांड्याजवळ धरला, पलीकडे आबा. पहिल्यांदा खर्रर्र झालं. "घाई करतोस," पलीकडून आवाज आला. "न्यूट्रलला जरा थांब की." दुसऱ्यांदा थांबलो. नुसतं टक्‌ झालं.

"आत्ता पडला," आबा म्हणाले.