बनारसीदासांची कचोरीची उधारी



दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात माझे दहा उपवास निर्विघ्न झाले. पारण्याला घरी दोनशे पानं उठली. नवव्या दिवशी सकाळी मंदिरात उत्तम आकिंचन्य धर्मावरचं प्रवचन ऐकलं आणि संध्याकाळी आचाऱ्याला फोन करून एक गोड पदार्थ वाढवला, ती मीच! 'धर्माच्या खर्चाला हिशेब लावायचा नसतो,' असंही वर म्हटलं. दिवाळीआधी आचाऱ्याची बाकी आणि क्रेडिट कार्डाचं बिल एकाच आठवड्यात आलं. ह्यांनी काही न बोलता दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले.

त्याच हिवाळ्यात आमच्या स्वाध्यायात 'समयसार नाटक' सुरू झालं. ते लिहिणारे पंडित बनारसीदास. आत्म्याबद्दल इतकं स्वच्छ लिहिणारा हा माणूस साधा व्यापारी होता, आणि व्यापारात सारखा बुडालेला, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी 1641 मध्ये आग्र्यात स्वतःचं चरित्रही लिहून ठेवलं आहे, 'अर्धकथानक'. माणसाचं आयुष्य एकशे दहा वर्षांचं धरलं तर पंचावन्न म्हणजे अर्धं, म्हणून हे नाव. नाथूराम प्रेमींनी ते मुंबईत छापलं. मी संतचरित्र म्हणून उघडलं आणि हाती आली एका घराची जमाखर्चाची वही.

जन्म 1586 चा, जौनपूरचा. घराणं श्रीमाळी, वडील खरगसेन जवाहिरे. मुलगा चौदा-पंधराचा झाला तसा प्रेमात पडला, आणि वडिलांच्या पेटीतली रत्नं चोरून प्रेमपात्राला मिठाई आणि पानं पाठवू लागला. पुढे एका संन्याशाने मंत्र दिला: वर्षभर गुपचूप जप कर, मग रोज सकाळी दारात एक सोन्याचा दिनार पडलेला मिळेल. ह्यांनी वर्षभर जप केला. दिनार काही पडला नाही. मला हसू आलं खरं, पण 'पुढच्या महिन्यात बोनस येईल, तेव्हा बघू' हा आपला रोजचा मंत्र याहून फार वेगळा नाही.

1610 च्या सुमारास वडिलांनी त्यांना माल देऊन आग्र्याला पाठवलं. आता घर तू चालव, असं सांगून. बरोबर रत्नं, वीस मण तूप, तेलाचे बुधले, दोनशे रुपयांचं कापड. काही रत्नं हरवली, बाकीचा माल विकला आणि पैसा आला तसा गेला. शेवटी बाजारात जायचीही सोय उरली नाही. मग हे घरी बसून संध्याकाळी 'मधुमालती' आणि 'मृगावती' वाचायचे, दहा-वीस लोक ऐकायला जमायचे. त्यातच एक कचोरीवाला. त्याच्याकडून रोज उधारीवर कचोरी. एकदा संकोच वाटून त्यांनी त्याला एकांतात गाठलं आणि सांगितलं, बाबा, माझ्याकडे द्यायला काही नाही. तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, कोणी काही म्हणणार नाही.

इथे मी पुस्तक मिटून बसले. रागावणारा सावकार दारात आला की घर जागं होतं. हा तर गोड बोलणारा, कथा ऐकणारा, गरम कचोरी देणारा माणूस! आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला असाच आहे. 'ताई, नंतर द्या हो.' आणि कार्ड तर तेवढंही बोलत नाही.

पुढे बनारसीदासांना एका जवाहिऱ्याच्या मुलाबरोबर भागीदारी मिळाली आणि कचोरीचे चौदा रुपये फिटले. पण दोन वर्षांनी भागीदारीचा हिशेब मांडला तेव्हा मिळकत जेवढी, खर्चही तेवढाच. दोन वर्षं राबून हातात शून्य. त्या दोन वर्षांत एखाद्या महिन्याअखेरी बेरीज केली असती तर? पण महिन्याअखेरी मी तरी कुठे करत होते!

मग ते खैराबादला सासुरवाडीला गेले. रात्री बायकोला खरं सांगितलं, तेव्हा तिने साठवलेले वीस रुपये काढून दिले. एवढ्यावर ती थांबली नाही, आईकडे गेली, आणि आईने गुपचूप दोनशे रुपये दिले. पुस्तकभर रत्नं आणि मोत्यांचे सौदे आहेत, पण माझं मन त्या वीस रुपयांवर अडलं. तिने ते कशातून वाचवले असतील, ते पुस्तकात नाही. नवरा परगावी कचोरी खात असताना तिच्या ताटात काय होतं, हेही नाही.

माझाही असा एक डबा होता, डाळीच्या डब्यांमागे. त्यातूनच मी आचाऱ्याची बाकी दिली. ह्यांना वाटलं, पारणं निभावलं. मीही तसंच वाटू दिलं. बनारसीदासांनी स्वतःची चोरी, उधारी, मूर्खपणा सगळं नाव घालून लिहिलं, आणि मी मात्र डबा रिकामा झाल्याचं घरात सांगितलं नाही. परवा हे पुस्तक ह्यांना वाचायला दिलं. कालपर्यंत ते कचोरीपर्यंत आले होते.