सोड्याचे अतिसेवन
सोड्याचे अतिसेवन म्हणजे वायुयुक्त पेये वारंवार व मोठ्या प्रमाणात पिण्याची सवय होय. अशा पेयांत साधा सोडा, गोटी सोडा, लिंबू सोडा यांपासून बाटलीबंद कोलापर्यंत अनेक प्रकार येतात. आरोग्याच्या दृष्टीने मात्र ही पेये एकसारखी नाहीत. साधा सोडा म्हणजे दाबाखाली कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी. त्याने पोट फुगते, ढेकर येतात, क्वचित आम्लपित्त बळावते. मसाला सोड्यातील मीठ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना अपायकारक ठरते.

खरा धोका साखरेचा आहे. ३०० मिलिलिटर कोलामध्ये सुमारे ३२ ग्रॅम, म्हणजे साधारण आठ चमचे साखर असते. प्रौढांनी वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या, शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पेयातील साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही. त्यामुळे जेवण तेवढेच राहते व वजन वाढते. टाइप २ मधुमेह, हृदयविकार आणि यकृतात चरबी साठणे यांची शक्यताही वाढते. कोलातील फॉस्फोरिक आम्लाने दातांचे एनॅमल झिजते. साखरविरहित कोलातही हे आम्ल असतेच.

मे २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय उपाहारगृहांत अशा पेयांना मनाई केली. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंत जादा साखर, मीठ वा चरबीयुक्त पदार्थ विकता येत नाहीत. शाळेकडून रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बहुतेक दुकाने अर्थातच या मर्यादेपलीकडे असतात.